बेटाच्या टोकाची ओळ

माननीय अध्यक्ष नूफैलसाहेब, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, सत्कारमूर्ती दोर्साफ, संगणक विभागातील तिचे सहकारी, आणि माझे भाषण लवकर संपावे अशी मनोमन प्रार्थना करणारे श्रोतेहो,

आरंभीच एक गंभीर तक्रार मांडतो. या इस्पितळाच्या सभागृहात यंदाचा हा तिसरा निरोप समारंभ. तिन्ही वेळा बकलाव्याची परात वक्त्याच्या नाकासमोर ठेवली गेली, आणि तिन्ही वेळा तिच्यावर फडके होते. इंद्रियनिग्रहाचे धडे मी लहानपणी पाठशाळेत पुरेसे गिरवले आहेत. सफाक्ससारख्या सुसंस्कृत शहरात, पिस्त्यांच्या साक्षीने, पन्नाशीच्या माणसाची पुन्हा परीक्षा घ्यावी काय? अध्यक्षांनी लक्ष घालावे. चौथा समारंभच होऊ नये हा उपाय अधिक चांगला, पण तो अध्यक्षांच्या हाती नाही हे आपण सगळे जाणतो. आपली शिकलेली माणसे समुद्रापलीकडे चालली आहेत, आणि आपण त्यांना पुष्पगुच्छ देतो आहोत.

मी डॉक्टर नाही, संगणकातलाही नाही. मी दूरदेशीचा एक बातमीदार, तुमच्या शहरात केस पिकवलेला. आज इथे उभा आहे तो दोर्साफच्या वडिलांचा मित्र म्हणून. त्यांना तुम्ही अम्म तिजानी म्हणता, मी माझ्या सवयीने तिजानीकाका म्हणतो. ते केर्केना बेटाच्या अगदी टोकाला राहतात. मी वरचेवर बोटीने तिकडे जातो, पत्त्यांच्या, म्हणजे श्कोब्बाच्या, डावात हरतो, आणि सुकवलेला ऑक्टोपस घेऊन परत येतो. काकांचे हृदय दुबळे आहे. गावातल्या दवाखान्यात काढलेला त्या हृदयाचा आलेख इथल्या सर्व्हरपर्यंत येतो, इथले डॉक्टर तो वाचतात. दोर्साफ उद्या जर्मनीला निघाली आहे. जाताना ती मागे काय ठेवून जाते आहे, ते सांगण्यापुरता मी आपला वेळ घेतो.

तिच्या कामाची ओळख मला काकांच्या ओट्यावर झाली.

“दिवसभर करतेस तरी काय गं तिकडे?” काकांनी विचारले.

“वाटा लिहिते, बाबा. सर्व्हरला आपणहून काही कळत नाही. अमक्या पत्त्याचा निरोप तमक्या दाराने सोड, हे त्याला हाताने लिहून द्यावं लागतं. स्टॅटिक राउट म्हणतात त्याला.”

“मग मी काय वेगळं करतो? समुद्रात खजुराच्या झावळ्या रोवतो, माशाला सांगतो, असा ये.”

“तुमचा मासा पोचला की तळला जातो. माझा निरोप जिवंत पोचावा लागतो.”

“पत्रकारा, बघ,” काका मला म्हणाले, “हिला शिकवलं, ती माझी चूक.”

तर अशा ओळी. प्रत्येक बेटावरच्या प्रत्येक दवाखान्यासाठी एक. नूफैलसाहेबांना लांबलचक काही पाहिले की अस्वस्थ होते (माझे भाषण ते कसे सोसताहेत, परमेश्वर जाणे). ते म्हणाले, “इतक्या ओळी कशाला? आवरा की.” मागणी रास्तच होती. बेटांवरचे पत्ते एकमेकांना लागूनच होते. दोर्साफने त्या साऱ्या ओळी मिटवल्या आणि एकच मोठी ओळ लिहिली: बेटांकडे जायचे जे जे असेल, ते ते बिनतारी संदेशांच्या मोठ्या मनोऱ्यावरून. फक्त तिच्या स्वतःच्या गावाला मोठा मनोरा दिसत नाही. तिकडची वाट दीपगृहाजवळच्या छोट्या मनोऱ्यावरून. म्हणून त्या एका गावापुरती तिने वेगळी ओळ राखली. मोठी ओळ आणि छोटी ओळ दोन्ही लागू पडत असतील, तर सर्व्हर छोटीचे ऐकतो. सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान, हे आमच्या शास्त्रीबुवांनी मला छडी हातात घेऊन शिकवले होते. यंत्राला ते छडीवाचून कळते, याचा मला थोडा मत्सर वाटला.

गेल्या हिवाळ्यात दोर्साफ व्हिसासाठी राजधानीला गेली. मागे तिचा सहकारी गाझी होता. गाझी, मान वर कर. इथे कुणी तुझा न्याय करायला बसलेले नाही. त्याला ती छोटी ओळ दिसली. तो पत्ता तर मोठ्या ओळीत येतोच, मग ही पुनरुक्ती कशाला? अध्यक्षांच्या शिस्तीत वाढलेला मुलगा. त्याने ती पुसली. कुठेही घंटा वाजली नाही. सर्व्हर पूर्वीइतक्याच आज्ञाधारकपणे निरोप मोठ्या मनोऱ्याकडे धाडत राहिला, आणि एका गावासाठीचे निरोप तिथून पुढे कुठेच गेले नाहीत. सर्व्हरचे उत्तर गावाला मिळाले नाही, की गावाचा आलेखही इथवर येत नाही.

त्याच दिवशी काकांची छाती जड झाली. दवाखान्यात परिचारिका मबरूका यांनी आलेख काढला आणि पाठवला. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. आलेख वाईट असेल तरच डॉक्टर फोन करतात. चांगला असेल तर करत नाहीत. त्यांना तेवढा वेळ कुठला? म्हणजे बेटावर फोन न येणे हीच शुभवार्ता. मबरूकांनी वाट पाहिली, काकांना कॉफी पाजली.

“फोन नाही, काका. म्हणजे सगळं ठीक.”

“मला ठाऊकच होतं. तुझ्या त्या गार वायरी लावल्या की कुणाच्याही छातीत कळ येईल.”

“जाळं ओढायचं नाही हं आज.”

“नाही ओढत बाई.”

आणि त्यांनी ओढले. शेजाऱ्यांनी त्यांना होडीच्या तळातून उचलून आणले. जीव वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. त्यांच्या झावळ्यांच्या वाटा आता पुतण्या सांभाळतो. काका किनाऱ्यावर बसून त्याच्या चुका काढतात.

दोर्साफ परतली ती व्हिसाचा शिक्का घेऊन. तिने पहिल्यांदा ती ओळ पुन्हा लिहिली, मग बोट पकडली. गाझीला ती एक शब्दही वाकडा बोलली नाही. आता तीच ओळ राखायला तिने त्याला बसवले आहे. डॉक्टरांच्या मागे लागून तिने ती जुनी रीत मोडली: आलेख बरा असो वा वाईट, फोन करायचाच. जर्मनीतल्या नोकरीला नकार कळवायला ती निघालीच होती. काकांनी तिला थांबवले. “तू माझ्यासाठी राहिलीस, तर मी तुझ्या तोंडाकडे बघून रोज आजारी पडेन. जा.”

आज या सभागृहात काका नाहीत. ऑक्टोपसचा हंगाम आहे, येता येणार नाही, असे त्यांनी मुलीला कळवले आहे.

समारंभाच्या आयोजकांचा, अध्यक्षांचा आणि आपण दाखवलेल्या सहनशीलतेचा मी ऋणी आहे. थट्टेत कुणाला बोचले असेल, तांत्रिक बाबतीत जीभ घसरली असेल, तर ते माझ्या अल्पमतीच्या खाती घालून उदार मनाने सोडून द्यावे.

मी इथेच बसणार होतो. पण मला बसवत नाही.

दोर्साफ, शुक्रवारी मी बेटावर होतो. डाव अर्ध्यावर टाकून काका भिंतीला टेकले. ओठ पांढरे पडले होते. मी म्हटले, उठा, दवाखान्यात चला. ते म्हणाले, “वेडा आहेस? मबरूका आलेख काढील. तो तिकडे पोचेल. आणि पोचला की पोरगी जायची नाही. तिचं विमान उडू दे, मग बघू. तोवर तिला सांगू नकोस.” मग त्यांनी माझा हात धरून ठेवला, मी हो म्हणेपर्यंत.

मी हो म्हणालो. तुझे विमान उद्या आहे. तोवर काका जिवंत राहतील, असे मला वाटत नाही.