पहिल्या रांगेतली कृष्णाची खुर्ची

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या चँडलर मराठी मंडळाचे सर्वेसर्वा राजीवजी, व्यासपीठावर शाल पांघरून घामाघूम झालेले सत्कारमूर्ती संजयकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या शोभनाकाकू, आणि एवढ्या उन्हात पार्किंग शोधून इथवर पोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आसावरीचा तुम्हा सगळ्यांना मनापासून नमस्कार.

राजीवजींनी मला हळूच सांगितलंय की, "आसावरी, जरा लांबव. आन्या एअरपोर्टवरून येईपर्यंत बोलत राहा." काका-काकूंची लेक आन्या कृष्णाला आणायला गेली आहे. पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची त्याचीच. आता लांबवायला मला सांगावं लागत नाही, हे माझे मिस्टर तुम्हाला सांगतील. आणि मी किती घाबरट आहे, तेही सांगतील. मंडळाच्या पॉटलकच्या जेवणाला गॅस बंद आहे ना, हे मी दोनदा बघते. तेव्हा आज माझा आवाज थोडा कापला तर हसू नका.

काका इथे अमेरिकेत कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत नोकरी करून रिटायर झाले आणि पुढच्या आठवड्यात दोघं कायमची नागपूरला निघालीत, हे आपल्याला माहीत आहे. पण काका ऑफिसातून आल्यावर गॅरेजमध्ये काय करायचे, हे किती जणांना ठाऊक आहे? बऱ्याच जणांना वाटतं, गाडी दुरुस्त करतात. काकूंनाही पहिली दोन वर्षं तसंच वाटत होतं.

काकांनी एक प्रोग्रॅम लिहिला. छतावरच्या सोलर पॅनलची वीज घरातल्या बॅटरीत कधी साठवायची, कधी वापरायची आणि उरलेली शेजाऱ्याला कधी द्यायची, हे ठरवणारा. तो त्यांनी विकला नाही. इंटरनेटवर उघडा ठेवला. कोणीही वाचा, वापरा, सुधारा. इथे कोणी ढुंकून बघितलं नाही. युरोपात मात्र गावंच्या गावं मोठ्या वीज कंपन्यांना कंटाळली होती. आपली वीज आपण करू, आपली आपण वाटून घेऊ, असं म्हणत होती. त्यांनी तो उचलला. आज तिकडे हजारो घरांच्या भिंतीवर बॅटरीचा एक पांढरा डबा आहे आणि त्या डब्यात आपले काका आहेत.

मागे दोघं ऑस्ट्रियाला फिरायला गेली होती. काकू सांगतात, "सगळी टूर डोंगर बघत होती आणि आमचे हे एका घराच्या भिंतीवरच्या डब्यावर हात ठेवून उभे." त्या घरातल्या आजींनी दोघांना आत नेऊन कॉफी पाजली. आजींच्या यजमानांचं ऑक्सिजनचं मशीन त्याच बॅटरीवर चालतं. बाहेर कमरेएवढा बर्फ. ऐकून सगळ्यांना कौतुक वाटलं. मला काय वाटलं असेल? मी काकांना विचारलं, "काका, हा डबा बंद पडला तर?"

काका म्हणाले, "एक बंद पडला तर शेजारचा सांभाळून घेतो." मी म्हटलं, "आणि सगळे एकदम बंद पडले तर?" काका म्हणाले, "तसं फक्त मीच करू शकतो."

त्याचं असं आहे. प्रोग्रॅम सुधारला की सगळे डबे तो नवा प्रोग्रॅम आपोआप घेतात. फक्त त्यावर काकांची डिजिटल सही लागते. सहीची किल्ली म्हणजे एक फाइल, ती काकांच्या लॅपटॉपमध्ये. ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळे डबे. गावोगावी वीज मोकळी केली, कोणा एकाच्या हातात राहू नये म्हणून. आणि ती शेवटी लटकली कुठे? चँडलरच्या एका गॅरेजात, बायपास झालेल्या एका माणसाच्या सहीवर. सांगा, मी घाबरू नको तर काय करू?

तीन वर्षांपूर्वी कृष्णा आला. म्हणजे, मेलवर आला. ओहायोतल्या डब्लिनला राहतो म्हणाला. काकांच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करून पाठवायचा. फुकटचं काम, पण इतकं स्वच्छ की काका खूश. आणि लिहायचा मराठीत. "काका, पथ्य सांभाळताय ना? काकूंचा गुडघा कसा आहे?" दुसऱ्या कोणी अशी चौकशी केली असती तर काकांनी चार प्रश्न विचारले असते. मराठीत विचारल्यावर आपण काय करतो? आपला माणूस म्हणतो आणि घरात घेतो.

व्हिडिओ कॉलला त्याचा कॅमेरा नेहमी बिघडलेला. दोनदा भेटायला येणार होता; एकदा आई आजारी पडली, एकदा बर्फ पडला. त्याच काळात दुसरीच काही माणसं काकांना मेल करू लागली: तुम्ही थकलात, कामं रखडतात, कृष्णाला किल्ली द्या. हॉस्पिटलच्या बेडवरही काकांनी ती मेल वाचली. मी शंका काढली तेव्हा काकू मला म्हणाल्या, "आसावरी, पुरे गं. तो मुलगा आहे म्हणून माझा नवरा माझ्याबरोबर नागपूरला येतोय. नाहीतर ह्यांनी विमानातसुद्धा बॅटऱ्याच सांभाळल्या असत्या." काकू, तुमचं म्हणणं मला कळतं. इतकी वर्षं लॅपटॉपच्या उजेडात त्यांचा चेहरा बघितलाय तुम्ही.

म्हणून काकांनी किल्ली द्यायचं कबूल केलं, फक्त एकच अट घातली. या प्रोग्रॅमवाल्या लोकांची ती जुनी रीत आहे: समोर भेटायचं, ओळखपत्र बघायचं, मग किल्ली. आज या टेबलावर, तुमच्या सगळ्यांच्या साक्षीनं.

काय झालं काका? लॅपटॉपवर मेसेज आला का? वाचा ना मोठ्यानं. मागे ऐकू जात नसेल तर मी सांगते. कृष्णाचा मेसेज आहे: "काका, विमान वेळेवर आलं. आन्याच्या गाडीतच बसलोय, तिनं तुमच्यासारखाच स्वभाव घेतलाय. ट्रॅफिक आहे. माझ्यासाठी कार्यक्रम थांबवू नका, किल्ली आत्ताच पाठवून द्या, पोचलो की पाया पडतो."

टाळ्या वाजवा, वाजवा. माझाही जीव भांड्यात पडला. बघा, मी उगीच एका चांगल्या मुलावर संशय घेत होते. काकू डोळे पुसतायत. काका म्हणतायत, येतोच आहे तो, पाठवून टाकतो. पाठवा काका. तेवढ्यात मी माझे चार शब्द संपवते. काकांनी आम्हाला काय दिलं, तर…

दार कोणी उघडलं?

आन्या, ये ना आत. कृष्णा कुठे आहे? गाडी पार्क करतोय का?

काय म्हणालीस? माइकजवळ ये बेटा.

ती म्हणते, "मावशी, आय वेटेड अँड वेटेड. फ्लाइट लँड झालं, एव्हरीबडी केम आउट. ही वॉज नॉट देअर. मी बाबांना किती कॉल केले, सगळ्यांचे फोन सायलेंटवर."

तुझ्या गाडीत कोणी नव्हतं? नीट सांग. कोणीच नव्हतं?

काका. काका, हात काढा कीबोर्डवरून. पाठवली नाहीत ना? माझ्याकडे बघा, पाठवलीत का?

काकूंनी लॅपटॉप मिटला. मंडळी, काकूंनी स्वतः मिटला आणि त्यावर हात ठेवून बसल्यात. काका मान हलवतायत. गेली नाही. फाइल गेली नाही. मला जरा पाणी द्या कोणीतरी.

तो कोण आहे, मला माहीत नाही. एक आहे की दहा, तेही माहीत नाही. त्याला काकूंचा गुडघा माहीत आहे, आन्या कुठे उभी असणार ते माहीत होतं आणि आपण आत्ता कुठे जमलोय हेही माहीत आहे. मला भीती वाटते, आणि ती आता तुम्हालाही वाटायला हवी, कारण ऑस्ट्रियातल्या त्या आजींना यातलं काही माहीत नाही. त्यांच्या घरात मशीन चालू आहे.

काकू, तुमची माफी कशी मागू? आजचा निरोप झालाच नाही. किल्ली अजून तुमच्या घरातच आहे. पण ती काका एकटे सांभाळणार नाहीत. तिचे तुकडे करता येतात, चार जणांत वाटता येते, चौघं भेटल्याशिवाय सही होत नाही. एक तुकडा माझ्याकडे द्या. घाबरट माणूस दोनदा बघतो. बाकीचे अशांना द्या, ज्यांच्या घरी तुम्ही जेवला आहात. ते होईपर्यंत विमान पुढे ढकलावं लागलं तर मी तिकीट बदलून आणेन.

अध्यक्षमहाराज, बोलण्याची संधी दिलीत, आभारी आहे. भाषण म्हणून उभी राहिले आणि मध्येच ओरडले, वडीलधाऱ्यांना हात काढा म्हणाले, ते सगळं पदरात घ्या. जेवण तयार आहे, सगळ्यांनी जेवूनच जायचं आहे.

आणि पहिल्या रांगेतली ती खुर्ची कोणीतरी उचला. मला तिच्याकडे बघवत नाही.