कानाशी धरलेल्या पिस्तुलाबाबत

जबाब

नाव : धोंडूबाई गंगाराम आरेकर. वय : कागदावर त्र्याहत्तर, अंगात त्याहून कमी. धंदा : नारळ-सुपारीची विक्री. शिक्षण : नाही. राहणार : गुहागर, समुद्राकडची आळी, जिल्हा रत्नागिरी. मोबाईल : नातीचा.

आज गुरुवारी रत्नागिरी शहरातील पोलीस ठाण्यात समक्ष बसून, मला अंमलदार नम्रता शिवगण यांनी विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी माझी नात राही संदेश आरेकर हिच्यासह राहते. राही बारावीला असून शाळेच्या हॉलात दहा मीटरवरून कागदाच्या ठिपक्यावर नेम धरते. ठिपका सालासकट सुपारीएवढा असतो. एवढ्या लांबून मला कागदच दिसत नाही, पण ती ठिपक्याच्या मधोमध मारते असे तिचे सर सांगतात व सर खोटे बोलण्याइतके हुशार नाहीत.

राहीचे वडील, म्हणजे माझा मुलगा संदेश, हे मुंबईस कंपनीत कामाला असतात. गणपतीत ते यावयाचे होते. त्यांच्याऐवजी पार्सलने पिस्तूल आले. त्याविषयी मला या जबाबात जास्त काही सांगावयाचे नाही.

सदरचे पिस्तूल हवेचे आहे. त्यास दारू लागत नाही व परवानाही लागत नाही. नळीखाली एक सिलिंडर असतो, त्यात पंपाने हवा भरतात आणि त्या हवेने छर्रा सुटतो. पिस्तूल संदेशने रत्नागिरीतील 'नेमबाण क्रीडा साहित्य' या दुकानातून मागविलेले असून पावती मी हजर केली आहे. पिस्तूल कोरे करकरीत असले तरी पहिल्यापासून त्याची हवा जाते. राही रात्री हवा भरून निजते आणि सकाळी सिलिंडरवरचा काटा खाली बसलेला असतो. पोरगी पंप मारून मारून घामाघूम होते, मग हात थरथरतो, मग नेम चुकतो. रविवारी रत्नागिरीत तिची निवडीची स्पर्धा आहे. दुसरे पिस्तूल आमच्याकडे नाही. दुकानदाराला फोन केले, तर "कंपनीला कळवलंय" एवढेच उत्तर. म्हणून मी म्हटले, मी जाते. राही म्हणाली, "आजी, तू नको, तू भांडशील." मी म्हटले, "भांडायला नाय गो, दाखवायला जाते." तिची चाचणी परीक्षा असल्याने तिला घरी राहणे भाग होते. तिने पहाटे हवा भरून दिली. छर्ऱ्यांची डबी मात्र तिने कपाटात कुलूप लावून ठेवली. पोरगी मला ओळखते.

मी तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरले व तेथून एसटीने रत्नागिरीस आले. पिस्तुलाची पेटी पिशवीत होती व वर पाच-सहा नारळ होते. आलेच आहे तर नारळही खपतील, हा हेतू. दुसरा कोणताही हेतू नव्हता.

दुकानात हर्षद मुळ्ये हे मालक हजर होते. मी पेटी उघडून म्हटले, "बाबू, हे बघ, हवा राहात नाय यात." त्यांनी पिस्तूल उलटसुलट करून पाहिले आणि पहिला शब्द काढला तो, "आजी, ह्याला कुंकू कसलं?" मी सांगितले की दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळी, पाटा-वरवंटा, सगळ्या हत्यारांची पूजा होते. घरात नवे हत्यार आले ते उपाशी कसे ठेवायचे? वरून एक बोट हळद, एक बोट कुंकू लावले, फूल वाहिले. नळीत काही घातलेले नाही. त्यावर ते म्हणाले, "मग झालं. कुंकू आत गेलं असणार. कंपनी गॅरंटी देणार नाही." मी म्हटले, "हवा गणपतीपासून जाते, दसरा नंतर आला. तुमच्या रत्नागिरीत दसरा आधी येतो काय?"

मग ते म्हणाले, "काटा तर वर आहे, आजी. हवा आहे की." मी म्हटले, "आत्ता आहे. संध्याकाळी ये, नसेल. कानाला लावून बघ, बारीक सूं ऐकू येतंय." ते म्हणाले, "ठेवून जा, मुंबईला पाठवतो, महिना-दीड महिना लागेल." मी म्हटले, "रविवारी पोरीची स्पर्धा आहे." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो डाव्या कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली. उजवा कान मोकळा होता.

मला विचारण्यात आले की त्यानंतर मी नेमके काय केले. मी काउंटरच्या फळीवर वाकून पिस्तूल त्यांच्या उजव्या कानाशी धरले. एका हाताने त्यांचे डोके स्थिर धरले. "हलू नको, गप ऱ्हा," असे मी म्हटले हे खरे आहे. घोड्याला बोट लावलेले नव्हते. आमच्याकडे नारळ कानाशी धरून हलवतात, आत पाणी वाजले तर चांगला. गिऱ्हाईक नवखे असेल तर मीच त्याच्या कानाशी नारळ धरते व हेच शब्द म्हणते. चाळीस-पन्नास वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने हात वर केले नाहीत. हर्षद यांनी केले. त्यांचा फोन खाली पडला. दुकानात रॅकेट पाहात असलेली एक बाई किंचाळली व बाहेर पळाली. तिची एक चप्पल दुकानातच राहिली. ती तिला मिळाली किंवा कसे, हे मला माहीत नाही, पण मिळावी.

मी हर्षद यांना विचारले, "आलं काय ऐकू?" ते म्हणाले, "घ्या, काय हवं ते घ्या." मी म्हटले, "मला काय नको, तू फक्त ऐक." तोवर बाहेर माणसे जमली, कोणी मोबाईलवर चित्र काढले व पोलीस आले. पोलिसांच्या गाडीत मला पुढे बसविले. गाडी चांगली आहे.

ठाण्यात नम्रता बाईंनी मला विचारले, "आजी, पिस्तूल माणसाच्या डोक्याला लावतात काय?" मी म्हटले, "डोक्याला नाय गो बाय, कानाला." त्या म्हणाल्या, "लांबून दोन्ही सारखंच दिसतं." हे त्यांचे म्हणणे मला पटले. लांबून पाहणाऱ्यांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, कारण मी जवळ होते.

नंतर नम्रता बाईंनी पंखा बंद केला, नळी भिंतीकडे करून सिलिंडर स्वतःच्या कानाशी धरला. ठाण्यात सर्व गप्प झाले. कोठडीतला एक इसम खोकत होता, तोही थांबला. बाई म्हणाल्या, "येतोय आवाज." मग त्यांनी पिस्तूल, तक्रार द्यायला ठाण्यात आलेल्या हर्षद यांच्या हातात दिले. त्यांनी ऐकले, आणखी थोडे ऐकले, आणि म्हणाले, "सिलिंडरच्या तोंडाचा व्हॉल्व्ह खराब आला आहे. मूळचाच दोष आहे." मी काही बोलले नाही. माझा चेहरा बोलला असेल तर त्याला माझा इलाज नाही.

हर्षद यांनी सांगितले की दुकानात त्याच जातीचे दुसरे पिस्तूल आहे, त्याचा सिलिंडर काढून आजच्या आज देता येईल. परंतु त्यांची तक्रार कायम आहे, कारण सगळ्या बाजारात म्हातारीने हात वर करायला लावले असे झाले आहे. नम्रता बाईंनी मला समजावून दिले की तक्रार राहिली तर पिस्तूल मुद्देमाल म्हणून जमा राहील व रविवारी काय, शिमग्यापर्यंतही सुटेल याचा भरवसा नाही. मी म्हटले, "मग मलाही मुद्देमालात जमा करून घ्या, दोघं एका कपाटात ऱ्हाऊ." त्या हसल्या पण लिहून घेतले नाही. आता लिहावे.

त्या म्हणाल्या, "आजी, मुलाला मुंबईहून बोलावू या. तो हर्षदशी बोलेल, सही करील, मार्ग निघेल. आई ठाण्यात म्हटल्यावर रात्रीच निघेल की नाही?" मी म्हटले, "निघेल." त्यांनी फोन हातात घेतला. मी तो खाली ठेवावयास लावला.

संदेशने रविवारी राहीचा नेम पाहावयास येतो असे सांगितले आहे. त्याला एकच रजा मिळाली आहे. ती त्याने आज माझ्यावर खर्च केली तर रविवारी तो कामावर असेल. राहीने वडिलांसाठी हॉलातली पुढची खुर्ची सरांना सांगून धरून ठेवली आहे. हे तिने मला सांगितले नाही, सरांनी सांगितले. म्हातारी अडकली म्हणून संदेशने येऊ नये. पोरगी उभी राहते म्हणून यावे. याविषयी एवढेच लिहावे.

सबब मी हर्षद यांच्याकडे वळून त्यांची माफी मागितली. माफीचे शब्द मी सांगितल्याप्रमाणे असे : "बाबू, तुझ्या कानाला थंडगार लोखंड लागलं, चारचौघांत तुझे हात वर झाले, त्याबद्दल मला माफ कर. मी पुढ्यात उभं राहून बोलायला हवं होतं. ऐकवलं त्याबद्दल मात्र मागत नाय." हर्षद म्हणाले, "ही अर्धीच माफी झाली, आजी." मी म्हटले, "पिस्तूलही तू अर्धंच दिलं होतंस." त्यावर ते हसले व तक्रार पुढे चालवायची नाही असे त्यांनी लिहून दिले.

हर्षद यांनी दुकानात जाऊन दुसरा सिलिंडर हवा भरून आणला व येथे माझ्यासमक्ष बसविला. काटा जेथे होता तेथे नम्रता बाईंनी काचेवर पेनाने खूण केली. त्यानंतर मी हा जबाब सांगावयास घेतला. जबाब थोडा लांबला आहे असे बाई म्हणतात. तो मी मुद्दाम लांबविला आहे. आतापर्यंत काटा खुणेवरच आहे.

पिस्तूल मला परत मिळाले. माझी हर्षद मुळ्ये यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. नारळांपैकी दोन मी ठाण्यात ठेवून जात आहे. ती लाच नसून वाटेतले ओझे आहे.

वरील मजकूर नम्रता बाईंनी मला सावकाश वाचून दाखविला. 'वृद्ध महिला' असे दोन ठिकाणी होते ते माझ्या सांगण्यावरून खोडले. बाकी सर्व मी बोलले तसेच आहे, म्हणून अंगठा देते. मात्र यातले काहीही मुंबईच्या पत्त्यावर कळवू नये, निदान रविवार संध्याकाळ होईपर्यंत.

डाव्या हाताचा अंगठा : धोंडूबाई गंगाराम आरेकर

समक्ष : न. शिवगण, अंमलदार