आजारी असल्याचा अर्ज

वकिली सांभाळून हे जमतं का, असंच विचारतेयस ना? बस अशी, फॉर्मची खिडकी उघडायला वेळ आहे अजून — तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या धाकट्या बहिणीएवढी दिसतेस. जमतं गं. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी घेतलाच की प्रवेश — एलएल.एम., तेही कौटुंबिक कायद्यात. नवरा म्हणाला, वीस वर्षं लोकांची भांडणं सोडवलीस, आता त्यांच्यावर परीक्षाही देणार? थट्टा करायचा, पण पहाटे चहा तोच करून द्यायचा. तर फॉर्म भर तू. फक्त परीक्षेचं वेळापत्रक लागलं, की आधी कोर्टाची डायरी उघड. मी नाही उघडली. म्हणजे — उघडली होती, खोटं कशाला बोलू — दिसलं होतं मला. गुरुवारी पहिला पेपर आणि गुरुवारीच आमच्या शिंप्याची तारीख.

शिंपी म्हणजे माझा अशील. बायको वेगळी राहते, सात वर्षांची मुलगी तिच्याकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस लेक आपल्याकडे यावी, एवढंच मागणं त्याचं. दोन वर्षं तिला धड पाहिलं नव्हतं त्याने. फ्रॉक शिवून ठेवला होता, अंदाजाने, वाढत्या मापाचा — हे कशाला सांगतेय मी तुला? तर मी मैत्रिणीच्या हाती अर्ज दिला — वकीलबाई आजारी, पुढची तारीख मिळावी. देतो गं आपण सगळेच असे अर्ज, नाही का? कोणी विचारतसुद्धा नाही. तारीख पडली ती सुट्टी संपल्यावरची. आणि इकडे पेपरात प्रश्न काय — ताब्याच्या दाव्यात उशीर झाला तर मुलावर काय परिणाम होतो. सहा पानं लिहिली मी. पुरवणी मागून घेतली!

संध्याकाळी शिंपी घरी आला, मोसंबी घेऊन. मी पुस्तकं उशीखाली सारली, शाल ओढून आडवी झाले — हस, हसलीस तरी चालेल. खुर्चीच्या कडेला बसला बिचारा. "मॅडम, आधी तब्येत. माझी लेक काय कुठे पळून जाते!" मग उठता उठता हळूच म्हणतो, "सुट्टीआधी उद्याचा एकच दिवस कोर्ट आहे ना? उद्या उभं राहता येईल का? बरं वाटलं तरच हं." येत होतं गं! न्यायाधीशांना सांगायचं, काल आजारी नव्हते, परीक्षेला बसले होते, चूक माझी, याचं आज ऐका. रागावले असते, माझी अब्रू गेली असती — पण ऐकलं असतं. आणि मी त्याला काय म्हणाले? खोकून म्हणाले बघ — डॉक्टरांनी तीन दिवस उठू नका म्हणून सांगितलंय. "नाही नाही, पडून राहा तुम्ही," म्हणाला, आणि जाताना दार अगदी आवाज न करता लोटून घेतलं त्याने.

तो गेल्यावर मी उठले. नवऱ्याला म्हटलं, उद्याचा पेपर गेला खड्ड्यात, मी कोर्टात जाते. काळा कोट इस्त्री करून खुर्चीवर टांगला. मग झोप लागली, शांत लागली.

काय? पुढे काय झालं?

उघडली बघ खिडकी. जा, रांग लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट कपाटात ठेवला आणि दुसऱ्या पेपरला जाऊन बसले.