तक्त्यावरची पेन्सिलीची रेघ

रिटा, फिलोमिनाच्या तारोडी गावची मंडळी, कॉलेजातून आलेले सगळे. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आयुष्यभर वर्गात बोलले, अशा ठिकाणी पहिल्यांदाच. पण सांभाळून घ्या म्हणणार नाही. नीट बोलेन.

फिलोमिना आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मी प्राध्यापक. हा फरक मी कधी विसरले नाही. तेच आज सांगायचंय.

आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन लक्षद्वीपला गेलो होतो, प्रवाळांवरचे पोपटमासे बघायला. चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडणारे मासे. परतल्यावर मी फोटोंचा तक्ता केला. एक मासा तपकिरी, एक निळा-हिरवा. खाली दोन वेगळ्या जातींची नावं लिहिली.

फिलोमिना म्हणाली, "मॅडम, या दोन जाती न्हाय. एकच हाय. मी पाण्यात अर्धा तपकिरी, अर्धा निळा बघितलाय."

"पाण्यात सगळंच निळं दिसतं," मी म्हटलं.

"रंगावर काय जाता? गाल बघा. गालावरच्या खवल्यांच्या ओळी मोजा. रंग बदलतो, गाल न्हाय बदलत."

पोपटमाशाची मादी पुढे नर होते, रंग पालटते, हे वर्गात कोण शिकवत होतं? मी. आणि ऐकलं नाही कोणी? मीच. कोळ्याची मुलगी मला मासे शिकवणार?

तिने ते दोन फोटो जोडणारी रेघ पेन्सिलीने ओढली. मी खोडली. तिने पुन्हा ओढली. मी पुन्हा खोडली. निवृत्तीच्या दिवशी तक्ता गुंडाळून शांती नगरला घरी आणला. उलगडला, तर रेघ होतीच.

मग दर रविवारी, चर्चमधली मिस्सा झाली की तिचा फोन. "मॅडम, जेवलात? एकट्याच? गाल मोजले का?"

"मला कामं असतात, फिलोमिना."

खोटं. काहीच काम नव्हतं. पण मोजून झाले असते, तर पुढच्या रविवारी तिने काय विचारलं असतं?

शुक्रवारी तिला माती देऊन घरी गेले. भिंग घेतलं. तपकिरी माशाच्या गालावर तीन ओळी. निळ्याच्या गालावर तीन ओळी. शेवटच्या ओळीत दोघांचेही दोनच खवले. तिला सांगायला तिच्याच नंबरवर फोन लावला. "हॅलो," पलीकडून तिची लेक रिटा म्हणाली. रिटा, तो फोन माझा होता. बोलता आलं नाही.

आता बोलते. फिलोमिना, तुझं बरोबर होतं.

तक्ता तिच्या फोटोशेजारी ठेवलाय, जाताना बघा. एक नाव खोडलंय. रेघ शाईने ओढलीये.

आज रविवार. मिस्सा झाली आहे. उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. सगळ्यांनी आपापले फोन बंद करा.

माझा तेवढा चालू राहू दे.