शिक्केवाल्याची लेक

डोळ्यांच्या दवाखान्यात ताटकळलेल्या आजीचे कान शेजारच्या नवरा-बायकोकडे होते.

“लेकीला वाचनात वीसपैकी चार, आणि तुम्ही हसताय?”

“अगं, माझ्या दुकानात अक्षरं शिकलीये ती. रबरी शिक्क्यावर ती उलटीच असतात!”

“कप्पाळ माझं! आता डॉक्टरांनाही हेच सांगा.”

“आई, डॉक्टर येणार नाहीत.”

“गप गं! कोण म्हणालं?”

“दारावर लिहिलंय.”

नर्सने मघाशी काचेच्या दाराला बाहेरून पातळ कागद चिकटवला होता. आतून अक्षरं उलटी दिसत होती. पोरीने ती न अडखळता वाचली, “डॉक्टर आज येणार नाहीत. उद्या या.”

आजी काठी टेकत उठली.

“दहा चष्मेवाले बसलोय इथे, आणि म्हणे डोळे हिचे तपासायचे!”