रविवारचा ताबा

आमच्या घरी रविवार कसा उजाडतो, ते ऐका.

मुलगा आणि सून वेगळे राहतात. नात आईकडे असते. कोर्टाच्या कागदाप्रमाणे रविवारी आठ ते पाच आमच्याकडे. आठवड्यातले तेवढेच नऊ तास.

परवा सुनेनं फाटकातच बजावलं, "हिला स्केटिंगच्या क्लासला न्यायचं."

मुलगा म्हणाला, "रविवार माझा हाय. दूध कट्ट्यावर नेऊन म्हशीचं समोर पिळलेलं ताजं दूध पाजणार."

"कच्चं दूध? अजिबात न्हाय."

"कागदात कुठं लिवलंय? दाखव की."

नऊ वाजले, तरी पोरगी फाटकातच उभी. मी विचारलं, "बाळ, तुला काय पाहिजे?"

"आबा, मला म्हशीला हात लावायचाय."

कट्टा दोन गल्ल्या पलीकडे. गवळ्यानं म्हैस धरली, नातीनं तिची मान मनसोक्त खाजवली. परत आलो तर हे दोघं तिथंच भांडत होते. फ्रॉकला शेण बघून एका सुरात माझ्यावर ओरडले, "कुणाला इचारून नेलासा?"

मी म्हणालो, "कागदात माझ्यावर काय बंदी हाय ती दावा."

दोघांनी कागद उघडून वाचला. नव्हती.