लॅपटॉपचं झबलं

सासू : ...म्हणून म्हणते, लॅपटॉप नाही बंद पडत, आमची सून बंद पडते. दोनदा लॅपटॉपवर मुलाखत झाली, दोन्ही वेळा अर्ध्यावर उठून आली. साहेबाने जरा अवघड विचारलं की हिचं यंत्र तापलंच. माझंही शाळेत असंच होतं. पाढे म्हणायला उभं केलं की पोटात दुखायचं.

दुरुस्तीवाला : लॅपटॉपला सोंग करता येत नाही, मावशी.

सासू : त्याला नाही येत, तिला येतं. गेली कुठे?

दुरुस्तीवाला : बाहेर फोनवर बोलताहेत.

सासू : बोलू दे. चारला तिसरी मुलाखत आहे. नकाशे काढायचं काम. घरी बसून काढायचे, साहेब लोक पडद्यावरून बघत राहणार. त्यांनी बजावलंय, आता शेवटची; मध्येच गायब झालात तर दुसरीला घेऊ. पोरांची शाळा सांभाळून असलं काम पुन्हा मिळायचं नाही. तेव्हा खरं काय ते मला सांग. काही निघालं का?

दुरुस्तीवाला : निघालं. घरी हा ठेवता कुठे? गादीवर, उशीवर?

सासू : गादीवर? आमच्या घरात? टेबलाशी बसते ती. पट्टी गिळल्यासारखी ताठ. तेवढं एक वळण आहे तिला.

दुरुस्तीवाला : मग पंख्यात एवढा कापूस आला कुठून? हा बघा, मूठभर निघाला. वर निळे धागे.

सासू : बनवतानाच राहिला असेल. हल्ली कोण लक्ष देतंय कामाकडे.

दुरुस्तीवाला : बरं. पंखा साफ केला. आतली उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती बदलली. मग मोठाले नकाशे उघडून दोन तास चालवला. हूं की चूं नाही. नंतर तुम्ही सकाळी ज्याच्यात आणलात ना, ते झबलं घातलं.

सासू : झबलं नाही. खोळ आहे ती. हाताने शिवलीय मी.

दुरुस्तीवाला : ती घातली आणि सतरा मिनिटांत बंद. काढली, थंड होऊ दिला, पुन्हा चालू. परत घातली, परत बंद.

सासू : खोळीला नावं ठेवू नकोस. दुहेरी अस्तर आहे, मध्ये पिंजलेला कापूस. वायरी जायला काजं केलीत. पडदा उघडा, बटणं उघडी, चालू असतानासुद्धा काढायला नको. शेजारच्या दोघी माप मागून गेल्या.

दुरुस्तीवाला : देऊ नका माप. खालच्या जाळीचं काय केलंत?

सासू : बुजवली. खाली नुसत्या फटी ठेवल्यात मेल्यांनी, सगळा केर आत जायचा. घरात बाई असती त्या बनवणाऱ्याच्या, तर तिने सांगितलं असतं. मी आणखी एक पदर लावला, वरून टीप मारली.

दुरुस्तीवाला : मावशी, त्या फटींतूनच तो वारा घेतो. तुम्ही त्याच्या नाकावर गादी बांधलीत. मग तापतो, आणि जळून जाऊ नये म्हणून आपणहून बंद होतो.

सासू : आणि थंडीत?

दुरुस्तीवाला : थंडी नाही वाजत त्याला.

सासू : हे तुला नक्की माहीत आहे, का गिऱ्हाइकाला गप्प करायला म्हणतोस?

दुरुस्तीवाला : तुम्ही गप्प व्हाल असं वाटलं असतं तर सकाळीच म्हटलं असतं.

(सून आत येते.)

सून : आई, सव्वातीन झाले. झाला का दादा, लॅपटॉप?

दुरुस्तीवाला : झाला, ताई. त्याचं कारण म्हणजे ही—

सून : कारण माहितीय मला. मी गादीवर ठेवते ना, त्यानेच होत असेल. आता नाही ठेवणार. चला आई.

सासू : थांब. कुठल्या गादीवर?

सून : आपल्या पलंगावरच्या.

सासू : त्या पलंगावर दुपारभर मी पडलेली असते. माझ्या पोटावर ठेवून काढतेस का नकाशे?

सून : आई, उशीर होतोय.

सासू : घर समोरच्या गल्लीत आहे. तुला कळलं होतं ना हे?

सून : काय कळलं होतं?

सासू : माझ्याशी वेड पांघरू नकोस. कधी कळलं?

सून : पहिल्या मुलाखतीनंतर. खालून हात भाजत होता. म्हणून खोळ काढून बघितलं, तर सगळी दुपार चालला.

सासू : मग दुसऱ्या मुलाखतीला कशाला घातलीस?

सून : काढलीच होती मी. पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात तुम्ही घातलीत. नाड्याही बांधल्यात. म्हणालात, चार लोकांसमोर त्याला उघडंवाघडं काय बसवतेस.

सासू : काढून फेकायचीस.

सून : तुम्ही दारातच उभ्या होतात. खोळ कशी दिसतेय ते बघत.

सासू : तोंड होतं ना तुला?

सून : डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी शिवलीत ती. आठ दिवस मला हाका मारून सुई ओवून घेत होतात. काय सांगणार होते मी?

दुरुस्तीवाला : मावशी, एक करतो. जाळीपुरती कापून देतो. कात्री आहे माझ्याकडे.

सासू : माझ्या टाक्यांना तुझी कात्री? ठेव ती. घरी उसवीन मी, एकेक टाका काढून. लॅपटॉप दे तिच्याकडे. असाच, उघडा.

सून : आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाचीच नाही.

सासू : कशी नाही? आहे. आणि ती तुझी आहे.

सून : माझी?

सासू : मी चौथीतून उठलेली बाई. जाळी कशासाठी असते ते मला कळलं नाही, त्यात लाज नाही. तुला कळलं होतं. तरी दुसरी मुलाखत पाण्यात घातलीस. या परक्या माणसापुढे मी तुला सोंगाडी म्हणाले, मघाशी दारातून ऐकू गेलं असेल तुला.

सून : गेलं.

सासू : तरी आत येऊन माझ्यासाठी खोटं बोललीस. आणि वर तुला वाटतं, आपण सासूशी फार चांगलं वागलो.

सून : तुम्हाला वाईट वाटलं असतं.

सासू : वाटू दे. वाईट वाटून घ्यायचं काम माझं आहे, ते मी करीन. तू तुझं कर.